प्रबंध लिहायचाय, पण वाचायचं कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांची मुलं-मुली माझ्याकडे प्रबंधाचं विचारायला येतात. कुणाचा एम. ए.चा लघुप्रबंध असतो, कुणाची पीएच.डी. अर्ध्यात अडकलेली असते. प्रश्न मात्र दरवर्षी तेच. फोनवर तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना यातलं निम्मंच उपयोगी पडेल, तेवढं त्यांनी घ्यावं.

चिकित्सक वाचन म्हणजे लेखकाच्या चुका काढणं का?

नाही. वैद्य नाडी बघतो तेव्हा रोग्याचा अपमान करत नसतो. समोरचा मजकूर कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्याला ही माहिती मिळाली कुठून आणि तो कशाबद्दल गप्प बसला, ही नाडी. ती बघून झाल्यावर लेखक बरोबर निघाला तरी तुमचं वाचन चिकित्सकच असतं.

एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शिवाजी महाराजांची जन्मतिथी. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत शके १५४९, वैशाख शुद्ध २ अशी तिथी आहे, म्हणजे इ. स. १६२७. बरीच वर्षं तीच चालत आली. मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही शकावली. तीत तिथी निघाली शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता दोन कागद समोर आहेत आणि दोघांचं पटत नाही. विश्वास कुणावर ठेवायचा?

इथे नवशिका वाचक म्हणतो, ‘विद्वानांत मतभेद आहेत’, आणि पुढच्या मुद्द्याकडे जातो. हे वाक्य प्रबंधात दिसलं की मी लाल पेनने गोल करतो. मतभेद आहेत हे कळलं, पण का आहेत? चिटणीसांची बखर घटनेनंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. शकावली म्हणजे कोरडी नोंदवही. तिला गोष्ट रंगवायची नाही, तिथीमागे घटना टाकत जायचं, एवढंच तिचं काम. पुढे कवींद्र परमानंदाचं संस्कृत काव्य उजेडात आलं. तो महाराजांच्याच काळातला कवी. त्याच्याकडेही शके १५५१ चीच तिथी. कारीच्या देशमुखांची वही आणि दरबारी कवीचं काव्य, एकमेकांशी संबंध नसलेली दोन साधनं एकच तिथी सांगतात, म्हणून पारडं तिकडे झुकतं.

पण लगेच ‘जुनं ते खरं, उशिराचं ते खोटं’ असा नियम करून बसू नका. सभासदाची बखर १६९४ च्या सुमाराची, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली. महाराजांना पाहिलेल्या माणसाने लिहिली आहे, तरी तिच्यात घटनांचा क्रम जागोजाग उलटसुलट झाला आहे. म्हाताऱ्या माणसाची आठवण ती. आणि चिटणीस उशिराचे असले तरी दप्तराशी पिढ्यान्‌पिढ्या नातं असलेल्या घराण्यातले. एकाच बखरीची तिथी नाकारायची आणि तिच्यातला दरबारी रिवाजाचा तपशील घ्यायचा, हे चालतं. फक्त का नाकारलं आणि का घेतलं ते लिहायला हवं.

चिकित्सक आवृत्ती वेगळी असते का?

शब्द तोच आहे आणि काम त्याच जातीचं: एका ग्रंथाच्या अनेक पोथ्या ताडून पाठ, म्हणजे मजकूर, ठरवायचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू झाली आणि १९६६ साली पूर्ण झाली. १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. ग्रंथालयात तिचा एखादा खंड उघडून पानाच्या खालच्या बाजूला बघा. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक टाइपात, न स्वीकारलेले पाठभेद, कुठल्या पोथीतले त्याच्या खुणेसह. म्हणजे निवड केली, पण नाकारलेलं लपवलं नाही. ज्याला पटत नाही त्याने खालून उचलावं आणि भांडावं. तळटीप कशासाठी असते हे मुलांना समजावून सांगण्यापेक्षा मी ते पान दाखवतो.

मोठ्या माणसाशी असहमत कसं व्हायचं? आम्ही कोण टिकोजीराव?

हा प्रश्न मुली जास्त विचारतात आणि गावाकडची मुलं त्याहून जास्त. आपली शाळा आपल्याला ‘अमुक म्हणतात’ एवढंच शिकवते. परीक्षेत अमुक काय म्हणाले ते लिहिलं की मार्क मिळतात. प्रबंधात तेवढ्याने भागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी. एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. रुपयाची सुवर्ण-विनिमय पद्धत, म्हणजे रुपया सोन्याशी बांधलेल्या परकी चलनाला जोडायचा, ही अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी दहा वर्षं आधी उचलून धरलेली होती. या विद्यार्थ्याने प्रबंधात त्याच पद्धतीवर टीका केली: रुपयाची नाणी किती पाडायची हे सरकारच्या मर्जीवर राहतं, त्याने किमती वाढतात आणि भार गरिबांवर पडतो. प्रबंध पहिल्या फेरीत जसाच्या तसा मान्य झाला नाही. त्यांनी तो सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ साली पदवी मिळाली. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने आला. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची, आणि तीत कॅनन यांनी आपल्याला यातलं बरंच पटत नाही असं सरळ लिहून टाकलंय. विचारांतला ताजेपणा मात्र त्यांनी मान्य केला. विद्यार्थ्याने ती प्रस्तावना पुस्तकाच्या पुढे तशीच छापली.

त्या प्रबंधात केन्स यांना नावं ठेवलेली नाहीत. आकडे मांडलेत, कायदे मांडलेत, चलनाचा इतिहास मांडलाय आणि मग म्हटलंय की हे तर्काला धरून नाही. तुम्हालाही तेच करायचं आहे. ‘मला वाटतं’ने सुरुवात केलीत तर टिकोजीराव ठराल. ‘त्यांनी वापरलेल्या साधनात अमुक नाही, ते मला तमुक ठिकाणी मिळालं’ असं म्हणालात, तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, मग तो कितीही मोठा असो.

किती पुस्तकं वाचावी लागतात?

मोजू नका. संदर्भसूचीत तीनशे नावं आणि तळटिपांत सतरा, असे प्रबंध मी पाहिलेत. परीक्षकही पाहतात.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं का?

कादंबरी असेल तर हो. संशोधनाचं पुस्तक मी असं वाचतो: आधी प्रकाशन वर्ष आणि आवृत्ती. मग ऋणनिर्देश, लेखक कुठे राहिला, कुणाचं दप्तर त्याला बघायला मिळालं, कुणी पैसे दिले, हे सगळं तिथे भाबडेपणाने लिहिलेलं असतं. मग शेवटची सूची. सूची वाचायला दहा मिनिटं लागतात आणि लेखकाने काय वाचलं नाही ते कळतं. एखाद्याने खानदेशावर लिहिलंय आणि सूचीत खानदेशातला एकही कागद नाही, सगळं मुंबईत बसून, तर पुस्तक वाचताना ते डोक्यात ठेवायचं. त्यानंतर समारोप, आणि मग माझ्या कामाचं प्रकरण ओळीने, पेन्सिल घेऊन. उरलेलं गरज पडली तर.

आपल्या मराठी पुस्तकांना विषयसूची देण्याचा कंटाळा आहे. नावांची सूची तरी असेल तर नशीब. त्यामुळे चांगल्या पुस्तकाची माझ्यापुरती सूची मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने करतो. स्वतःच्या पुस्तकावर, ग्रंथालयाच्या नव्हे.

टिपणं कशी काढायची? मोबाइलवर फोटो काढले तर चालतील का?

फोटो जरूर काढा, पण फोटो म्हणजे टिपण नव्हे. चार हजार फोटोंचं फोल्डर घेऊन आलेले लोक मला माहीत आहेत. त्यांना वाटतं वाचून झालं.

माझी पद्धत जुनी आहे. एका मुद्द्याला एक कार्ड. वर स्रोत आणि पान. खाली तीन प्रकारचा मजकूर आणि तीन खुणा. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर दुहेरी अवतरणचिन्ह. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असेल तर समासात ‘सा’, म्हणजे सारांश. आणि माझं स्वतःचं काही सुचलं तर चौकोनी कंस. हा तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक लिहीत नाहीत. ‘[हा १९११ च्या जनगणनेचे आकडे देतो, पण जातींची नावं १९०१ ची. का?]’ अशी ओळ त्या क्षणी लिहिली नाही तर संध्याकाळपर्यंत गेलेली असते. प्रबंधाचं एखादं प्रकरण अशा तीस-चाळीस कंसांतूनच उभं राहतं. संगणकावर संदर्भ साठवणारं झोटेरोसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरलंत तरी या तीन खुणा ठेवा. खुणा नसल्या की दोन वर्षांनी कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं लेखकाचं हे तुम्हालाच सांगता येत नाही. वाङ्मयचौर्याची निम्मी प्रकरणं अशी, चोरीच्या इराद्याशिवाय घडतात, असं माझं मत आहे.

आता माझीच फजिती. एका कार्डावर मी फक्त ‘केसरी, १८९७’ असं लिहून ठेवलं होतं. ना तारीख, ना पान. सादर करायच्या आधी महिनाभर ते लक्षात आलं. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून ग्रंथालयात गेलो, वर्षभराच्या अंकांचा बांधीव खंड मागवला आणि पहिल्यापासून चाळत बसलो. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ओळ सापडली. ग्रंथालय पाचला बंद व्हायचं. शिपाई खिडक्या लावत होता.

जुनी मराठी वाचताना अर्थ लागत नाही. शब्दकोश कुठला बघायचा?

अर्थ लागत नाही तिथे निदान तुम्ही थांबता. अर्थ लागल्यासारखा वाटतो तिथे खरा घात होतो. जुन्या पत्रात ‘राजकारण’ आलं की आजचा अर्थ लावू नका; बहुतेक वेळा तिथे गुप्त बोलणी, मसलत, फितवा असा अर्थ असतो. ‘अमुकाकडे राजकारण लावले’ म्हणजे कुणी निवडणूक लढवली असं नव्हे! ‘देश’ म्हणजे भारत नव्हे, कोकणाच्या उलट घाटमाथ्यावरचा मुलूख. ‘परदेशी’ म्हणजे उत्तरेकडून आलेला, साहेब नव्हे.

एकोणिसाव्या शतकातला मजकूर वाचत असाल तर मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी सुधारून वाढवलेली १८५७. लोकहितवादींची शतपत्रं ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून छापून येऊ लागली, म्हणजे त्यांचे शब्द त्यांच्या काळातल्या कोशात बघता येतात. आजच्या कोशात बघून शतपत्रांवर लिहिणं म्हणजे आजोबांच्या फोटोला नातवाचा शर्ट घालणं. मोल्सवर्थही नाडी बघूनच वाचायचा बरं का. मिशनऱ्यांच्या आणि कंपनीच्या साहेबांच्या उपयोगासाठी झालेलं काम ते. काही जातीवाचक आणि बायकांविषयीच्या नोंदींत सांगणारा शास्त्री कोण होता ते ऐकू येतं.

आणि मोडी लिपी शिका. महिना-दोन महिन्यांचे वर्ग पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात चालतात. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर लिप्यंतराच्या भरवशावर वाचणारा माणूस दुसऱ्याने निवडून दिलेलंच वाचत असतो. गोव्यावर काम करणाऱ्यांना मोडीबरोबर पोर्तुगीजही लागतं. पणजीच्या पुराभिलेखागारात एकाच गावाची गोष्ट दोन भाषांत दोन तऱ्हांनी सांगितलेली सापडते.

सरकारी कागद आणि गॅझेटियर तरी विश्वासाचे ना?

विश्वासाचे, पण कशासाठी? जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स घ्या. जिल्ह्यातल्या पिकांचे, रस्त्यांचे, बाजारांचे तपशील अफाट आहेत. मी अजून वापरतो. पण त्याच खंडात ‘अमुक जात आळशी, तमुक कष्टाळू’ अशी वर्णनं भेटतात. माहिती कुणी दिली? बहुधा मामलेदार कचेरीतल्या कारकुनाने. तो कुठल्या जातीचा असण्याची शक्यता होती? मग त्या वाक्यावरून त्या जातीबद्दल काही कळत नाही, कचेरीबद्दल कळतं. तसं वापरलंत तर ते उत्तम साधन आहे. कितीतरी प्रबंधांत ही वर्णनं ‘सामाजिक पार्श्वभूमी’ या मथळ्याखाली मराठीत जशीच्या तशी उतरलेली दिसतात. ते वाचून जीव जळतो.

विषय कसा ठरवायचा?

‘अमुक यांच्या कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास’ हा विषय नाही, तो मथळा आहे. शोधगंगेवर जाऊन नुसतं ‘चिकित्सक अभ्यास’ शोधून बघा. त्यातल्या कितींनी चिकित्सा केली आहे ते चाळल्यावर कळेल. अहमदाबादजवळ गांधीनगरला असलेल्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं हे देशभरच्या प्रबंधांचं भांडार आहे, फुकट आहे, आणि सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, देण्याआधी दोन रविवार त्याला द्यायलाच हवेत.

विषयाला प्रश्नचिन्ह लागलं पाहिजे. आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ दोन्ही येऊ शकेल असा तो प्रश्न हवा. ‘१९८२ च्या गिरणी संपाचे परिणाम’ यात प्रश्न नाही. ‘संपानंतर गावी परतलेल्या कामगारांच्या घरात शेतीचे निर्णय कोण घ्यायला लागलं?’ यात आहे. त्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही, म्हणून तर काम करायचं.

पूर्वसंशोधनाचा आढावा नेमका कसा लिहायचा? गाइड म्हणतात, ‘ही यादी झाली.’

गाइड बरोबर म्हणतात. जात्यावरच्या ओव्यांवरचा एक नमुना माझ्या मनाने लिहून दाखवतो. पहिला खर्डा असा असतो:

‘पहिल्या अभ्यासकाने ओव्यांतून स्त्रीचे दुःख व्यक्त होते असे म्हटले आहे. दुसऱ्या अभ्यासकाच्या मते ओवी हा स्त्रीचा विसावा आहे. तिसऱ्या अभ्यासकाने ओव्यांतील बहीण-भावाच्या नात्याचा अभ्यास केला आहे.’

ही रेल्वेची वेळापत्रकं झाली, एकामागून एक गाडी. कुणाचा कुणाशी संबंध नाही. आता हेच पुन्हा:

‘ओवी ही दुःखाला मिळालेली वाट, असे पहिला अभ्यासक म्हणतो, दुसऱ्याला तीच विसाव्याची जागा वाटते. मते परस्परविरोधी दिसतात. पण दोघांनीही ओव्या छापील संग्रहांतून घेतल्या आहेत आणि त्या संग्रहांत गाणारीचे नाव, गाव, वय नाही. तिसऱ्याने बहीण-भावाच्या ओव्या वेगळ्या काढल्या, तरी गाणारी सासरी नांदणारी आहे की माहेरी परतलेली, हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून प्रस्तुत प्रबंधात गाणारीची माहिती उपलब्ध असलेल्याच ओव्या घेतल्या आहेत.’

माहिती तीच. पण दुसऱ्या खर्ड्यात तिघांना एका ओट्यावर बसवलंय, तिघांच्याही हातात नसलेली गोष्ट दाखवलीय आणि तिथूनच तुमच्या कामाची वाट काढलीय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचं मोल इथे कळतं. त्यांत कोण बाई, कुठलं गाव, हे नोंदवलेलं आहे. वाचताना कार्डावर ‘[गाणारी कोण?]’ असा चौकोनी कंस पडला नसता तर आढाव्यात हे वाक्यही आलं नसतं आणि साधन कुठलं निवडायचं तेही ठरलं नसतं.

लिहायला कधी बसायचं? वाचन संपल्यावर?

वाचन संपत नाही. म्हणून तर प्रबंध अडकतात. लोकांना वाटतं लेखन अडलंय. मी त्यांची कार्डं बघतो तेव्हा दिसतं की अडलंय वाचन. सगळं वाचलंय, पण कशालाच प्रश्न विचारलेला नाही, मग लिहायचं काय?

आठवड्याला दोन पानं, वाचन चालू असतानाच. कुणाला दाखवायची नाहीत. सुरुवात प्रस्तावनेने करू नका, ती सगळ्यात शेवटी लिहायची असते. घर बांधून झाल्याशिवाय दारावर पाटी कसली लावता? ज्या प्रकरणाचं साधन हातात सगळ्यात जास्त आहे ते आधी घ्या. बहुतेकांचं ते तिसरं किंवा चौथं निघतं.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

विद्यापीठ परवानगी देत असेल आणि तुमची साधनं मराठीत असतील तर मराठीत. ‘परिभाषा नाही’ ही सबब जुनी झाली. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, विश्वकोश आहे. खरी अडचण परिभाषेची नसतेच. अडचण असते या मराठीची:

‘सदर संशोधनाच्या माध्यमातून ग्रामीण भागातील महिलांच्या समस्यांवर प्रकाश टाकण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे.’

कुणी केला? कुठल्या गावात? किती बायका? समस्या कुठली? एवढं विचारल्यावर एका मुलीने माझ्यासमोर बसून लिहिलं: ‘खटाव तालुक्यातल्या चार गावांतल्या ३२ बायकांचा पाणी आणण्यात दिवसाचा किती वेळ जातो, ते मी मोजलं.’ ती मलाच विचारते, ‘सर, इतकं साधं चालेल?’

साम्याची, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणी सॉफ्टवेअर दाखवतं तिची, टक्केवारी किती चालते?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचं. ४० ते ६० ला वर्षभर सादर करायला बंदी. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणं यांतून वगळतात.

पण आकड्याच्या मागे लागून वाक्यं फिरवत बसणारे लोक मला कळत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर सॉफ्टवेअरला धड वाचताच येत नाही. तिथे शून्य टक्के येतात आणि पेढे वाटले जातात. इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण मराठीत उतरवलं तरी आकडा वाढत नाही. चोरी मात्र होते. ज्याने मूळ पुस्तक वाचलंय असा परीक्षक दुसऱ्या परिच्छेदाला ओळखतो. अनुवाद केलात तर ‘अनुवाद माझा’ एवढं तळटिपेत लिहा, त्यात कमीपणा नाही.

डीटीपीवाल्याकडे देणार असाल तर युनिकोडमध्येच करून घ्या, आणि फाइल रोज स्वतःला ईमेल करा.

चॅटजीपीटीला सारांश करायला सांगितलं तर?

तो जे वाचतो ते तुम्ही वाचलेलं नसतं, आणि तो काही वेळा न वाचताच सांगतो. अस्तित्वात नसलेली पुस्तकं, खऱ्या वाटणाऱ्या पानांच्या आकड्यांसह, संदर्भसूचीत आलेली मी पाहिली आहेत. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे फारच होतं. तळटिपेतलं प्रत्येक पुस्तक तुमच्या हातात येऊन गेलेलं हवं. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी गोषवाऱ्याची भाषा नीट करायला घ्या मदत, आणि घेतलीत तर सांगा. कंसातली ओळ मात्र तो लिहू शकत नाही, कारण ती तुमच्या गावावरून, तुमच्या आधीच्या कार्डावरून सुचलेली असते.

गाइड तपासतच नाहीत. काय करू?

दोनशे पानं दिलीत की ती कपाटावर जाणार. आठ पानं द्या आणि वर तीन प्रश्न लिहा: ‘सर, पान ३ वरचा निष्कर्ष या पुराव्यावर टिकतो का?’ असे. मॅडम असोत की सर, प्रश्न विचारलेला कागद माणूस लवकर परत करतो. तरीही नाहीच झालं, तर सहामाही प्रगती अहवाल ज्या सल्लागार समितीपुढे ठेवायचा असतो ती असते कशासाठी? तिथे बोला, लेखी बोला, नम्रपणे बोला.

नोकरी आणि घर सांभाळून होतं का? मुदत किती?

होतं. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, कोर्सवर्क धरून, आणि जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती माहीत नसल्याने नोंदणी सोडून दिलेल्या बायका मला भेटल्या आहेत. एम. फिल. बंद झालं. शोधनिबंध छापून आणण्याची आयोगाची सक्तीही उठली, तुमच्या विद्यापीठाचे नियम तेवढे बघून घ्या. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी अजूनही लोक लागतात. कशाला?

व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, भीती वाटते.

सगळे नातेवाईक मागच्या बाकांवर, पेढ्याचे बॉक्स टेबलावर आणि आई नव्या साडीत. भीती वाटणारच. प्रश्न मात्र साधारण ठरलेले असतात. हाच काळ का निवडला? अमुक साधन का वापरलं नाही? या निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावा तुम्हाला मिळाला का, आणि त्याचं काय केलंत? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही सर’ म्हणालात तर परीक्षक एकमेकांकडे बघतात. आपल्या विरुद्ध जाणारी दोन-तीन कार्डं वेगळी काढून ठेवा आणि त्यांच्यासह बोला. माहीत नसेल तिथे ‘ते मी पाहिलेलं नाही’ म्हणा.

सादर केल्यावर प्रबंधात चूक सापडली. आता?

सापडणारच. शुद्धिपत्र करा, व्हायवाच्या दिवशी प्रती घेऊन जा, आणि कुणी विचारण्याआधी द्या. माझ्या प्रबंधात एका ठिकाणी शके १५४९ चं १५९४ झालं होतं. मी तीनदा, बायकोने एकदा आणि दोन्ही परीक्षकांनी वाचूनही ते कुणाला दिसलं नाही. बांधणीवाल्याकडून प्रती आणताना रिक्षात पान उघडलं, आणि तेच.